एकाच लेन्समध्ये १८ ते ४०० एमएम! सुपरझूम घ्यावी का? आधी फोटो किती वाजता काढता ते बघा

पहिला कॅमेरा घेतला की त्याच्यासोबत बहुतेक वेळा १८-५५ एमएमची किट लेन्स येते. घरातले फोटो होतात, ट्रेकचे होतात, मित्रांचे प्रोफाइल फोटोही निघतात. मग कधीतरी माणूस भिगवणला फ्लेमिंगो बघायला जातो. होडीत बसून शंभर फोटो काढतो आणि घरी येऊन बघतो तर काय, उजनीचं पाणी भरपूर आणि पक्षी म्हणजे नुसते गुलाबी ठिपके.

त्याच रात्री शोध सुरू होतो, सगळ्यात जास्त झूमवाली लेन्स कोणती? उत्तरात सुपरझूम समोर येते. डोंगराची अख्खी रांग मावेल अशी आणि लांबच्या झाडावरचा पक्षीही जवळ आणेल अशी एकच लेन्स. बदलायची कटकट नाही, दुसरी बॅग नाही. फक्त किंमत कधी कधी कॅमेऱ्याच्या बॉडीइतकी असते, म्हणून घेण्याआधी दोन-तीन गोष्टी समजून घेतलेल्या बऱ्या.

पहिला घोळ 'एक्स'चा. लेन्सवरच्या मोठ्या आकड्याला लहान आकड्याने भागलं की एक्स मिळतो. ४०० भागिले १८ म्हणजे सुमारे २२ एक्स. हा आकडा लेन्सचा आवाका सांगतो, ती किती लांबचं जवळ आणते ते नाही. पक्ष्यांचे फोटो काढणारे वापरतात ती २००-६०० एमएमची लेन्स हिशोबाने फक्त ३ एक्स आहे, पण लांबचं जवळ आणण्यात १८-४०० तिच्यापुढे कमी पडते. दुकानदार एक्स सांगायला लागला की एमएम विचारायचं, बस्स.

कल्पना तशी जुनी आहे. फिल्म रोलच्या काळात, १९९२ मध्ये, जपानच्या टॅमरॉन कंपनीने २८-२०० एमएमची लेन्स आणली. पण जवळच्या वस्तूवर तिचा फोकस बसायचा नाही, साधारण दोन मीटर मागे सरकावं लागायचं. २००५ मध्ये निकॉनची १८-२०० आली. हात हलला तरी फोटो सांभाळून घेणारी व्हीआर यंत्रणा तिच्यात होती आणि हौशी लोकांमध्ये ती प्रचंड चालली. २०१७ मध्ये टॅमरॉनने थेट १८-४०० काढली. आता मिररलेस कॅमेऱ्यांसाठी टॅमरॉनची १८-३००, सिग्माची १६-३०० आणि फुल फ्रेमसाठी निकॉनची २८-४०० आहे. ही शेवटची २०२४ ची, वजन ७२५ ग्रॅम. एवढा आवाका पाऊण किलोच्या आत बसवणं हे कौतुकाचं काम आहे, यात वाद नाही.

मग जुनेजाणते फोटोग्राफर सुपरझूमचं नाव काढलं की नाक का मुरडतात? त्यांचं ठरलेलं उत्तर म्हणजे 'शार्प नसते'. ते खोटं नाही. रुंद दृश्य टिपायला काचांची मांडणी एका प्रकारची लागते, लांबचं टिपायला दुसऱ्या प्रकारची. एकाच नळीत दोन्ही बसवायचं तर तडजोड येतेच. रुंद टोकाला इमारतीच्या सरळ रेषा वाकतात, लांबच्या टोकाला फोटोच्या कडा मऊ पडतात. वाकलेल्या रेषा आजचे बरेच कॅमेरे आतल्या आत सरळ करून देतात, मऊ कडांना मात्र इलाज नाही.

पण फोटो जाणार कुठे, हेही बघायला हवं. इन्स्टाग्रामची उभी पोस्ट १०८० बाय १३५० पिक्सेलची असते, म्हणजे दीड मेगापिक्सेलसुद्धा नाही. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा फोटो तिथे इतका लहान होतो की कडांचा मऊपणा मोबाइलवर कोणालाच दिसत नाही. भिंतीवर मोठी प्रिंट लावणाऱ्याची काळजी वेगळी, रील आणि पोस्ट करणाऱ्याची वेगळी. यूट्यूबवर फोटो दोनशे टक्के मोठा करून दाखवलेल्या चुका बघून लेन्स नाकारण्यात फारसा अर्थ नाही.

खरी अडचण उजेडाची आहे, आणि ती मोबाइलच्या स्क्रीनवरही लपत नाही.

लेन्सवर 'एफ ३.५-६.३' असं लिहिलेलं असतं. आकडा मोठा म्हणजे उजेड आत येण्याचं भोक लहान. १८ एमएमला ३.५ मिळतो, पण झूम करत गेलं की आकडा वाढत जातो आणि लांबच्या टोकाला ६.३ होतो. लग्नाचा फोटोग्राफर सहसा एफ २.८ ची लेन्स वापरतो. तिच्या तुलनेत ६.३ वर फक्त पाचवा हिस्सा उजेड आत येतो. निकॉनच्या २८-४०० वर तर शेवटी एफ ८ आहे, म्हणजे आठवा हिस्सा.

विसर्जन मिरवणुकीत रात्री ढोलवादकाचा फोटो घ्यायचा आहे असं समजा. २.८ च्या लेन्सवर आयएसओ १६०० आणि शटर १/२५० ला काम झालं, तर ६.३ वर त्याच आयएसओला शटर १/५० वर आणावा लागतो. त्या वेगाला टिपरू नुसता पुसट पट्टा दिसतो. शटर तोच ठेवायचा तर आयएसओ ८००० करावा लागतो आणि चेहऱ्यावर रवाळ दाणे येतात. 'पण व्हीआर आहे ना' हे इथे चालत नाही. व्हीआर फोटो काढणाऱ्याचा हात सांभाळते, ढोल वाजवणाऱ्याचा नाही.

दिवसा उलटं. भर उन्हात रायगडावर, पावसाळ्यात कासच्या पठारावर, दिवेघाटात वारी वर चढताना हीच लेन्स सोन्यासारखी. पावसात आणि गर्दीत लेन्स बदलणं म्हणजे सेन्सरवर पाणी नाहीतर धूळ आलीच. ताडोबाच्या जिप्सीतही लाल धुळीत लेन्स काढायची हिंमत होत नाही, त्यामुळे एकच लेन्स लावून बसणं शहाणपणाचं. अडचण एवढीच की वाघ बहुधा पहाटे नाहीतर सांज होताना बाहेर पडतो, आणि तेव्हा पुन्हा तो ६.३ आडवा येतो.

पैसे घालण्याआधी एक फुकटची परीक्षा करता येते. जवळच्या किट लेन्सला अॅपर्चर मोडवर ६.३ ला बांधून ठेवायचं आणि आठवडाभर नेहमीसारखे फोटो काढायचे. घरात, संध्याकाळी, कार्यक्रमात, सगळीकडे. निम्मे फोटो हललेले किंवा रवाळ निघाले तर सुपरझूमवर तेच होणार, झूम कितीही असू दे. अशा माणसासाठी ५० एमएम एफ १.८ ही स्वस्तातली लेन्स जास्त कामाची. तिच्यात झूम अजिबात नाही, पण ६.३ पेक्षा बारापट उजेड आत येतो.

आणि फोटो बहुतेक दिवसाचेच असतील, फक्त लांबचं जवळ हवं असेल? तरी आधी ५५-२५० किंवा ७०-३०० बघावी. १८-५५ हातात आहेच, आणि रुंद दृश्य तर खिशातला मोबाइलही छान टिपतो. म्हणजे कमी पैशांत तेवढीच मजल मिळते. शिवाय २४ मेगापिक्सेलचा फोटो अर्ध्या रुंदी-उंचीवर कापला तरी ६ मेगापिक्सेल उरतात, पोस्टला पुरून उरतील एवढे. २५० वर काढलेला फोटो असा कापला की ५०० ची चौकट मिळते.

सुपरझूम खरी शोभते ती घरच्यांसोबत फिरणाऱ्याला. 'थांबा, लेन्स बदलतो' म्हटल्यावर जिथे कोणीच थांबत नाही, तिथे.

ती वापरलेली घ्यायची असेल तर दुकानातच तीन गोष्टी कराव्यात. लेन्स तोंड खाली करून धरावी, नळी आपोआप घरंगळत खाली आली तर ती सैल झालेली आहे. जुन्या सुपरझूममध्ये ही खोड नेहमीची, निकॉनने १८-२०० च्या २००९ च्या आवृत्तीत त्यासाठी मुद्दाम लॉक दिलं होतं. दुसरं, वर्तमानपत्राचं पान भिंतीला चिकटवून दोन्ही टोकांना समोरून फोटो घ्यावा आणि एकच बाजू पुसट येते का ते पाहावं. तिसरं, मोबाइलचा टॉर्च मागच्या काचेतून मारून पुढून बघावं. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सना ती हमखास लागते, आणि सुपरझूमच्या आत काचा इतक्या असतात की साफ करून घेण्याचा खर्च ऐकूनच माणूस लेन्स परत ठेवतो.