उत्तर न देणाऱ्यांचा पगार

तांत्रिक लेखकाला पदवी लागतेच का, या वादात डॅरेल हफ या अमेरिकन लेखकाचे कागद तपासण्यासारखे आहेत. आयोवात त्यांनी बी.ए., एम.ए. केले, संख्याशास्त्राची पदवी मात्र घेतली नाही. मासिकांत संपादकी केली, 1946 पासून पूर्णवेळ लेखणीवर पोट भरले आणि बहुतांशी ‘हे कसे करावे’ अशा वळणाचे लेख लिहिले. 1954 मध्ये त्यांचे ‘हाउ टू लाय विथ स्टॅटिस्टिक्स’ निघाले. पुढच्या पन्नास वर्षांत त्याच्या इंग्रजी प्रती पंधरा लाखांवर खपल्या.

पहिल्याच प्रकरणात कमाईची एक पाहणी आहे. येल विद्यापीठाच्या 1924 च्या तुकडीतला पदवीधर वर्षाला सरासरी 25,111 डॉलर मिळवतो, असे ‘टाइम’ने छापले होते. हफ आधी त्या शेवटच्या अकरा डॉलरांवरच बोट ठेवतात: स्वतःची मिळकत इतकी नेमकी किती जणांना ठाऊक असते? मग ते पत्त्यांकडे वळतात. पंचवीस वर्षांनी विद्यापीठाच्या वहीत पत्ते उरतात ते नाव कमावलेल्यांचे. जे कारकून झाले, मेकॅनिक झाले, बेकार राहिले, लिहून जेमतेम जगले, ते वहीतून गळालेले असतात. पत्र पोचलेल्यांतही पगार सांगायची लाज वाटणारा गप्प बसतो. उरलेल्यांत कोणी फुगवून सांगतो, कोणी कराच्या भीतीने कमी. ही मांडणी इतकी स्वच्छ आहे की पुन्हा वाचतानाही मन प्रसन्न होते.

तांत्रिक लेखकांत पदवीधर किती, हे सांगणाऱ्या पाहण्यांना हीच फूटपट्टी लावावी. प्रश्नावली व्यावसायिक संघटनेच्या सभासदांना गेली, तर वर्गणी भरणारे, मोठ्या कंपनीत स्थिरावलेले लोक उत्तर देतात. कारखान्यात यंत्र दुरुस्त करता करता त्याची माहितीपुस्तिका लिहिणारा तंत्रज्ञ त्या यादीत नसतो. शिवाय जाहिरातीतच पदवीची अट घातली, तर बिनपदवीचा माणूस दारातच अडतो. मग आत सगळे पदवीधरच दिसणार. त्यावरून कामाला पदवी लागते, हे सिद्ध होत नाही.

हफ यांची दुसरी बाजूही कागदांतूनच बाहेर आली. 1998 मध्ये अमेरिकेतल्या सिगारेट कंपन्यांनी राज्यांशी तडजोड केली आणि कंपन्यांचे अंतर्गत कागद लोकांसाठी खुले झाले. आज ते सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जतन केलेले आहेत. त्यांतल्या पत्रांमध्ये आणि मसुद्यांमध्ये हफ आहेत. 1964 मध्ये अमेरिकेचे सरकारी आरोग्यप्रमुख, म्हणजे सर्जन जनरल, यांच्या अहवालाने धूम्रपान आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा संबंध ठामपणे मांडला होता. पुढच्याच वर्षी हफ यांनी सिनेटच्या समितीपुढे त्या आकडेवारीविरुद्ध साक्ष दिली, आणि त्यासाठी करकोच्यांची संख्या आणि बाळांचे जन्म यांच्यातला योगायोग पुढे केला. त्यानंतर तंबाखू उद्योगाच्या पैशावर त्यांनी धूम्रपानाच्या आकडेवारीची खिल्ली उडवणारे पुस्तक लिहायला घेतले. ते प्रसिद्ध झाले नाही. हस्तलिखित मात्र उरले.

संख्याशास्त्राची पदवी असती तर असे घडले नसते, हा निष्कर्ष मला मान्य नाही. आधुनिक संख्याशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत अग्रणी असलेले आर. ए. फिशर हफ यांच्या साक्षीच्या काही वर्षे आधी सिगारेट-कर्करोग संबंधावर जाहीरपणे शंका घेत होते, आणि तेही तंबाखू उत्पादकांचे सल्लागार होते. एकाकडे या विषयाची पदवी नव्हती, दुसऱ्याने तो विषयच घडवला होता. तरी दोघे एकाच बाजूला उभे राहिले. 1954 च्या पुस्तकातले ते पहिले प्रकरण मात्र, कोणी लिहिले हे विसरून वाचले तरी, आजही बिनचूक उतरते.

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत. पाहणी छापणाऱ्यांनी किती प्रश्नावल्या पाठवल्या, कोणाला पाठवल्या आणि किती परत आल्या, हे टक्केवारीच्या शेजारीच छापावे. आणि लेखक नेमणाऱ्यांनी पदवीचा रकाना पाहण्याआधी उमेदवाराने लिहिलेली दोन पाने वाचावीत.