जंतू दिसला, पण तोच का?

गर्दीत पाठमोरा माणूस पाहून तुम्ही हाक मारता, आणि तो वळला की भलताच निघतो. तुम्ही जरा ओशाळता आणि पुढे जाता. प्रयोगशाळेत जंतू ओळखणाऱ्याची एवढ्यावर सुटका होत नाही. जंतू दिसणे निराळे आणि तो ओळखणे निराळे. कसे ते पाहा.

साल १८९४. हाँगकाँगात प्लेगने कहर मांडला होता. जूनच्या मध्यास दोन संशोधक तीन दिवसांच्या अंतराने तेथे उतरले. जपानचे किटासाटो हे रॉबर्ट कॉख यांचे नामवंत शिष्य. इस्पितळाची दारे त्यांना सताड उघडी होती. पाश्चर संस्थेत तयार झालेल्या यर्सिन यांच्या वाट्याला मात्र गवती झोपडी आली. प्रेतेसुद्धा मिळेनात! अखेर प्रेते पुरणाऱ्या खलाशांच्या हातावर पैसे ठेवून त्यांनी प्लेगच्या गाठीतला अंश मिळवला.

जंतू दोघांनाही दिसला. पण वर्णने जुळेनात. १८८४ साली डेन्मार्कच्या ग्रॅम यांनी एक युक्ती प्रसिद्ध केली होती. जंतूंना जांभळा रंग द्यायचा, वर आयोडीन घालायचे आणि मग मद्यार्काने धुवायचे. काही जंतू जांभळेच राहतात, काहींचा रंग निघून जातो. आपल्या जंतूचा रंग निघून जातो, असे यर्सिन यांनी स्वच्छ लिहिले, आणि ते बरोबर होते. किटासाटो यांनी आधी या कसोटीवर मौन पाळले आणि पुढे उलट निर्वाळा दिला. त्यांच्या वाढीत न्यूमोनियाचे जंतू मिसळले असावेत, असे अनेक अभ्यासक मानतात. गंमत अशी, की त्यांच्याजवळ जंतू वाढवण्याची उबदार पेटी होती. यर्सिन यांच्याजवळ ती नव्हती. पण प्लेगच्या जंतूला अंगाच्या उष्णतेपेक्षा कमी, २८ अंशांच्या आसपासची ऊबच अधिक मानवते. गरिबी अशी कामी आली!

दोनच वर्षांत, १८९६ साली, प्लेग मुंबईत आला. मांडवीत डॉ. व्हिएगस यांनी तो ओळखला. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात मारलेल्या प्लेगजंतूंची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. आता विचार करा: जंतूच भलता असता, तर ती लस कोणत्या उपयोगाची? म्हणून ओळखीची आणखी एक खूण त्यांनी हाताशी ठेवली, आणि तीही आपल्या स्वयंपाकघरातली. मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले की प्लेगचे जंतू त्यांच्याखाली लोंबत्या धाग्यांसारखे वाढतात. बाटली मात्र हलवायची नाही, नाहीतर धागे तुटून तळाशी जातात.

आज नवा विद्यार्थी प्रयोगशाळेत शिकतो तो हाच धडा. आकार पाहा, रंग पाहा, वाढ शुद्ध आहे ना ते पाहा, आणि मगच नाव लिहा. आता काही मिनिटांत जंतूचे नाव सांगणारी यंत्रे आली आहेत. पण भेसळीची वाढ पुढे केली तर तीही गोंधळतात. एका साक्षीवर निकाल देऊ नये, हे न्यायालयाइतकेच प्रयोगशाळेतही खरे आहे. कारण त्या कागदावरच्या नावावरून डॉक्टर औषध ठरवतात, आणि ते औषध कोणाच्या तरी पोटात जायचे असते.