तीव्र मानसिक आजार आणि हृदयविकार : दुर्लक्षाचा इतिहास

स्किझोफ्रेनिया झालेली माणसे अकाली का दगावतात, असे विचारले तर तुमच्या मनात कदाचित आधी आत्महत्येचा विचार येईल. पण जागतिक आरोग्य संघटना वेगळे चित्र मांडते. तीव्र मानसिक आजार असलेली माणसे इतरांपेक्षा १० ते २० वर्षे आधी मरण पावतात. यातील बहुतेक मृत्यू टाळता येण्याजोग्या शारीरिक आजारांनी होतात आणि त्यांत हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार प्रमुख आहेत.

हे अकाली मृत्यू नवे नाहीत. मनोरुग्णालयांतील मृत्यूदर बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त असल्याचे विल्यम फार यांनी इंग्लंडमध्ये १८४१ सालीच आकडेवारीने दाखवले होते. त्या काळी क्षयासारखे संसर्ग हे मोठे कारण होते.

१९५२ मध्ये पॅरिसमध्ये जाँ दले व पिएर देनिकेर यांनी क्लोरप्रोमाझिनचा वापर सुरू केला. भास-भ्रम आटोक्यात येऊ लागले आणि पुढे अनेक रुग्ण घरी परतले. १९८९ मध्ये अमेरिकेत क्लोझापिनला, तर १९९६ मध्ये ओलान्झापिनला मान्यता मिळाली. या दोन्ही औषधांनी अनेकांचे वजन, रक्तातील साखर व चरबी वाढते. धूम्रपान, बैठे जीवन व गरिबी यांची त्यात भर पडते.

म्हणून औषधे बंद करावीत का? नाही. फिनलंडमधील ११ वर्षांच्या नोंदींवर आधारित अभ्यासात (२००९) दीर्घकाळ औषधे घेणाऱ्यांमधील मृत्यूदर औषधे न घेणाऱ्यांपेक्षा कमी आढळला.

मग उणीव कुठे होती? मनाचा डॉक्टर छाती तपासत नव्हता आणि छातीचा डॉक्टर मनोरुग्णाची तक्रार पुरती ऐकत नव्हता. हृदयविकाराचा झटका आलेल्या वृद्धांपैकी मानसिक आजार असलेल्यांना अँजिओप्लास्टी व बायपास कमी प्रमाणात मिळतात, असे २००० मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासात दिसले. २००४ मध्ये तेथील मधुमेह व मानसोपचार संघटनांनी एकत्र येऊन नियम सुचवला : औषध सुरू करताना आणि नंतर ठरावीक काळाने वजन, कंबरेचा घेर, रक्तदाब, साखर व चरबी तपासा.

भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम २१ सांगते की, आरोग्यसेवा देताना मानसिक रुग्णाला शारीरिक रुग्णाच्या बरोबरीने वागवले पाहिजे. छातीत दुखण्याची तक्रार घेऊन आलेला रुग्णही त्यात आला.

विचार करा : तुमच्या जवळच्या मानसोपचार बाह्यरुग्ण विभागात वजनकाटा, मोजपट्टी आणि रक्तदाबमापक आहे का? असल्यास, ते रोज वापरले जातात का?