ध्वनिमुद्रिका : अस्सल आणि नक्कल

जुना वाडा उतरवून त्या जागी नवे घर बांधावयाचे ठरले म्हणजे माळ्यावरचे सामान खाली येते, आणि प्रत्येक जिनसाविषयी ती ठेवावी की काढावी असा प्रश्न घरातील कर्त्या माणसांपुढे उभा राहतो. तांब्यापितळेची भांडी राहतात. ग्रंथांपैकी काही राहतात. परंतु ग्रामोफोनच्या तबकड्यांची पेटी निघाली की सर्वांचे एकमत होते. यंत्राची स्प्रिंग तुटलेली, सुया गंजलेल्या, तबकड्यांवर बुरशी. आणि त्यांतील गाणी तर आता मोबाइलवर एका बोटाने ऐकू येतात. मग ती पेटी भंगारात जाते. लोह्यासारख्या तालुक्याच्या गावी हे जसे घडते, तसेच ते पुण्यामुंबईसही घडते. ह्या एकमताविरुद्ध चार शब्द लिहावे असे आमच्या मनात पुष्कळ दिवस होते.

प्रथम तबकडीचा इतिहास थोडक्यात पाहू. एडिसनने १८७७ साली ध्वनी नळकांड्यावर उतरविला. एमिल बर्लिनर याने १८८७ साली नळकांड्याच्या जागी सपाट चकती आणली. एका साच्यावरून हजारो प्रती काढण्याची सोय चकतीत होती, म्हणूनच ती टिकली. १९०२ साली फ्रेड गैसबर्ग नावाचा ध्वनिमुद्रक कलकत्त्यास आला आणि गौहरजान प्रभृती गायिकांचे आवाज त्याने टिपून घेतले. त्या तबकड्या छापण्यास जर्मनीत हॅनोव्हरला जात. तेथील कामगारांस आपली भाषा कळत नसल्यामुळे गाणे संपताच गायिकेने आपले नाव इंग्रजीत मोठ्याने सांगावे अशी वहिवाट पडली. १९०८ साली कलकत्त्यास सियालदा येथे कारखाना निघाला, आणि लाख, दगडाची पूड व काजळी यांची ती काळी तबकडी याच देशात तयार होऊ लागली. एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. पुढे १९४८ साली अमेरिकेत दीर्घ काळ वाजणारी तबकडी निघाली, १९६३ साली कॅसेट आली, १९८२ साली सीडी आली. आणि चालू शतकात वस्तूच नाहीशी होऊन निव्वळ गाणे उरले.

मराठी माणसास ह्या तबकडीने काय दिले, याचा हिशेब मोठा आहे. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. पुण्यामुंबईच्या रंगभूमीपासून दूर असलेल्या ज्या माणसाला बालगंधर्वांचे एकही नाटक पाहावयास मिळाले नाही, त्याच्याही कानी त्यांचे पद तबकडीने घातले. मास्टर दीनानाथ १९४२ साली अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी गेले. त्यांची तान किती चपळ होती हे आज सांगावयास तबकडीवाचून दुसरा साक्षीदार नाही. मिरजेस स्थायिक झालेले अब्दुल करीमखाँ १९३७ साली वारले. त्यांच्या अखेरच्या वर्षांतील तबकड्या ऐकूनच पुढच्या कित्येक गवयांना सुराची दीक्षा मिळाली. याच्या उलट भास्करबुवा बखले यांचे पाहा. बालगंधर्वांचे हे गुरू, 'स्वयंवर' नाटकाच्या चालींचे कर्ते, पुण्याच्या भारत गायन समाजाचे संस्थापक. १९२२ साली ते निवर्तले आणि मागे आवाजाची एक खूणही राहिली नाही. त्यांच्या गाण्याविषयी आपण जे बोलतो ती आख्यायिका होय. दीनानाथांविषयी जे बोलतो तो इतिहास होय. दोहोंत अंतर एका तबकडीचे आहे.

येथे वाचक म्हणतील, हे सर्व मान्य; परंतु दीनानाथांचे गाणे आता उतरवून घेतले गेले आहे, मग मूळ तबकडीचे काय काम? या आक्षेपास उत्तर मराठी इतिहाससंशोधनाच्या अनुभवातूनच देता येते. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून जुनी दप्तरे धुंडाळीत. बीड जिल्ह्यातील पाटांगण येथे त्यांना ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली, आणि तिच्यावरून त्यांनी १९०९ साली आपली आवृत्ती छापली. त्या पोथीच्या प्राचीनतेविषयी पंडितांत वाद माजला. आज राजवाड्यांची छापील आवृत्ती आपल्यापाशी आहे, परंतु ती पोथी नाही. कागद कसा होता, अक्षराचे वळण कोणत्या काळचे होते, कोठे खाडाखोड होती, हे आता कोण सांगणार? नक्कल हाती राहूनही वाद मिटत नाही, कारण अस्सल गेले.

तबकडीचे अगदी असेच आहे. नक्कल करणारा मनुष्य कितीही प्रामाणिक असला तरी त्याला पदोपदी निर्णय घ्यावे लागतात. जुन्या तबकडीस आपण सरसकट मिनिटास ७८ फेऱ्यांची म्हणतो. परंतु प्रारंभीच्या काळी हा वेग निश्चित नव्हता, कोणी ७४ वर मुद्रण करी तर कोणी ८० वर. ती कोणत्या वेगाने फिरवावी हे नक्कल करणाराने ठरवावयाचे. वेग चुकला की गवयाची पट्टी चढते किंवा उतरते, तानेची गती बदलते, आणि आवाजाचा पोतही बदलतो. मग त्या नकलेवरून कोणी अमक्या गवयाचा षड्ज काळी चारचा होता असा सिद्धांत मांडू लागला तर तो वाळूवर इमला बांधतो. तीच गोष्ट खरखर काढण्याची. ती गाळताना तिच्याबरोबर तंबोऱ्याचा झणकारही गाळला जातो, आणि गाळणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. अस्सल तबकडी शाबूत असेल तर उद्याचा अधिक कुशल मनुष्य ही चूक दुरुस्त करील. ती भंगारात गेली असेल तर चूक हेच सत्य होऊन बसेल.

दुसरे असे की, तबकडीवर गाण्याखेरीज आणखीही पुष्कळ असते. मधल्या कागदी चकतीवर गाणाराचे नाव, राग, नाटक, कंपनी आणि अनुक्रमांक छापलेला असतो. कागदाच्या कडेस चपड्यावर मुद्रणाचा अंक कोरलेला असतो. ह्या अंकांवरून जाणकार लोक मुद्रणाचा काळ ताडून पाहतात. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ह्या संस्थेच्या संग्राहकांनी जुन्या तबकड्यांची जी माहिती जमविली, तिच्या मुळाशी चोरबाजारातून आणि लोकांच्या माळ्यावरून गोळा केलेल्या तबकड्याच आहेत. मोबाइलवर हिंडणाऱ्या गाण्याला मात्र पुष्कळदा कुळ ना शीळ. गौहरजानला गाण्याच्या अखेरीस आपले नाव सांगावे लागे याचे आज हसू येते. परंतु नाव न सांगता फिरणाऱ्या आजच्या गाण्यापेक्षा तिची ती युक्ती आम्हांस शहाणपणाची वाटते.

तिसरा मुद्दा मालकीचा. विकत घेतलेली तबकडी आजोबांकडून नातवाकडे जाते. उतरवून घेतलेले गाणे निदान आपल्या यंत्रात तरी असे. परंतु आता तीही रीत मागे पडून महिन्याचे भाडे भरून दूरच्या कोठारातले गाणे ऐकावयाचे, असा काळ आला आहे. आपण गाण्याचे मालक होतो ते भाडेकरू झालो. कोठारवाल्याने करार मोडला की गाणे गेले. 'मायस्पेस' नावाच्या अमेरिकन संकेतस्थळाने २०१९ साली कबूल केले की, सामान एका यंत्रातून दुसऱ्यात हलविताना लोकांनी बारा वर्षांत ठेवावयास दिलेले संगीत नष्ट झाले. ती गाणी ५ कोटींच्या घरात होती असे सांगतात. इतक्या तबकड्या एका दिवसात फोडावयाच्या म्हटले तर एखादे सैन्यच लागले असते.

तथापि तबकडीचा कैवार घेताना तिचे दोष झाकणे योग्य नव्हे. ती जड, ठिसूळ आणि महाग होती. तिने तासाभराचा ख्याल तीन मिनिटांत कोंबला. जे खपेल तेच कंपन्या मुद्रित करीत. उलटपक्षी आज लोह्यातील एखाद्या शेतकऱ्याचा मुलगा पैसा न खर्चता अब्दुल करीमखाँ ऐकू शकतो, हा लाभ सामान्य नव्हे. त्याला नाक मुरडणारा मनुष्य संगीताचा मित्र नव्हे, आपल्या कपाटाचा मित्र होय. अमेरिकेत २०२२ साली तबकड्यांचा खप सीडींच्या पुढे गेला असे वाचण्यात येते. त्यात हौसेचा आणि फॅशनचा भाग पुष्कळ असावा. आमचा मुद्दा त्यावर अवलंबून नाही. ऐकण्यासाठी नक्कल उत्तम आहे. ठेवण्यासाठी अस्सल पाहिजे.

आणि ज्यांचे अस्सलच धड झाले नाही त्यांचे काय? लोहा तालुक्यात माळेगावी मार्गशीर्षात खंडोबाची मोठी यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट यांचा बाजार, वाघ्या-मुरळींची गाणी, लावणीचे फड यांसाठी ती दूरवर प्रसिद्ध आहे. ह्या मंडळींपैकी फारच थोड्यांच्या वाट्यास तबकडी आली. कॅसेटच्या काळात मात्र मुद्रण स्वस्त झाले, आणि भीमगीते, भारुडे, खंडोबाची गाणी गाणारे कित्येक गायक प्रथमच लोकांच्या घरी पोहोचले. पुढे मोबाइलच्या दुकानांतून ती गाणी नखाएवढ्या मेमरी कार्डात भरून मिळू लागली. त्या घाईत गाणाऱ्यांची नावे गळून पडली. आता ती दुकाने रिचार्ज आणि काचा बसविण्यावर चालतात, कार्डे हरवली, आणि कॅसेटच्या फिती ओलीने चिकटून गेल्या. आमच्या मते खरी हानी येथे होत आहे. बालगंधर्वांच्या तबकड्या कोणी ना कोणी राखीलच. मुरळीची कॅसेट राखणारा कोण?

अल्लादियाखाँसाहेबांनी आपला आवाज कधी मुद्रित होऊ दिला नाही. १९४६ साली ते वारले तेव्हा त्यांचा सूर त्यांच्याबरोबर गेला. परंतु त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांनी गायिलेली भैरवी १९७७ साली 'व्हॉयेजर' यानांबरोबर आकाशात गेली. परलोकीच्या कोणा अज्ञात श्रोत्यासाठी मानवजातीची निवडक गाणी पाठवावयाची ठरली, तेव्हा शास्त्रज्ञांनी तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली, बारा इंचांची तबकडीच घेतली. सोबत सुई दिली, आणि ती कशी वाजवावी हे वर चित्रांनी कोरले. त्याच वर्षी सप्टेंबरात बाई निवर्तल्या. यान अद्याप चालले आहे.

ज्यांना कायम टिकवावयाचे होते त्यांनी तबकडीवर भरवसा ठेवला, एवढे ध्यानात घेऊन आमची विनंती एवढीच की, माळ्यावरची पेटी खाली आली म्हणजे ती वजनावर घालू नये. तबकड्या उभ्या ठेवाव्या, ऊन व ओल लागू देऊ नये, वरची नावे व अंक एका वहीत उतरून घ्यावे, आणि आपणांस ठेवणे अशक्य असेल तर जाणत्या संग्राहकाच्या किंवा संस्थेच्या स्वाधीन करावे. त्याच पेटीत तळाशी एखाद्या यात्रेतली, मुखपृष्ठ फाटलेली कॅसेट सापडली, तर तिच्यावर कोणाचा आवाज आहे हे घरातील वडीलधाऱ्यांस विचारून आजच लिहून ठेवावे. उद्या ते सांगावयास कोणी असेलच असे नाही.