खाण बंद पडते, पाणी थांबत नाही

मंडळी, आपल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई लागते ती कथलाची. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये, तांबं आणि कथील जमिनीखाली शेजारी-शेजारी सापडतं. एकोणिसाव्या शतकात तिथल्या खाणींचा दबदबा होता. 1860 च्या दशकात तांब्याचा भाव कोसळला आणि पुढे एकेक खाण बंद पडत गेली. आज आपण पाहणार आहोत तो विसाव्या शतकातला, या खाणी पुन्हा उभ्या करण्याचा एक फसलेला प्रयत्न.

कार्नन नदीच्या खोऱ्यातली व्हील जेन ही जुनी खाण 1971 च्या सुमारास पुन्हा सुरू झाली. मुख्य माल कथील, जोडीला जस्त आणि तांबं. शेजारीच 1976 मध्ये माउंट वेलिंग्टन खाण उघडली. कागदावर मालक दोन, हद्दी दोन. पण पाण्याला हद्द कुठली कळणार? 1978 मध्ये माउंट वेलिंग्टन बंद पडली, तिचे पंप थांबले आणि तिकडचंही पाणी उपसायचा भार व्हील जेनवर आला. तिला तो झेपेना. थोड्याच दिवसांत तीही बंद! विहिरी दोन असल्या तरी झरा एक असतो, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

पुढे रिओ टिंटो झिंक कंपनीने दोन्ही खाणी एकत्र घेतल्या. पाण्याचा प्रश्न सुटला, तर भावाचा उभा राहिला. आंतरराष्ट्रीय कथील परिषद माल विकत घेऊन बाजारभाव टिकवून धरत असे. ऑक्टोबर 1985 मध्ये तिचे पैसेच संपले आणि भाव गडगडला. सरकारी मदतीवर खाण काही वर्षं तगली. 1991 मध्ये ती कायमची बंद झाली, पंपही थांबले.

गोष्ट इथे संपली असं आपल्याला वाटेल. पण खडकातल्या गंधकयुक्त खनिजांना हवा आणि पाणी लागलं की आम्ल तयार होतं. खाण हळूहळू भरत गेली. जानेवारी 1992 मध्ये एका जुन्या बोगद्याचं बूच निघालं आणि सुमारे 5 कोटी लिटर आम्लयुक्त पाणी नदीत गेलं. त्यात लोह, जस्त, कॅडमियम, आर्सेनिक. फाल नदीच्या खाडीपर्यंत पाणी नारिंगी झालं. 2000 सालापासून तिथे हे पाणी उपसून, चुना घालून, शुद्ध करून सोडावं लागतं आणि तेही सरकारी खर्चाने.

म्हणून खाणीचा जमाखर्च मांडताना आपण बंद होण्याच्या तारखेला वही मिटायची नाही. कंपन्या गेल्या, कामगार गेले. पाणी उपसण्याचं काम मात्र चालूच आहे.