लग्नानंतरची ‘सरप्राइज डेट नाइट’ : जळगाव-धुळ्यात ती जमवायची कशी?

रात्रीचे आठ वाजलेत. नवरा दुकान बंद करून घरी येतो आणि म्हणतो, “चल, तयार हो, आज बाहेर जेवू.” इकडे कणीक मळून झालेली, मुलाचा गृहपाठ अर्धा, सासूबाईंची भाकरी तव्यावर. बायको म्हणते, “आधी सांगायचं ना!” त्याला वाटतं, हिला कशाचं कौतुकच नाही. तिला वाटतं, घर कसं चालतं हेच याला माहीत नाही.

रील्समध्ये छान दिसणारं सरप्राइज घरात असं का फसतं? आणि ते जमवायचं कसं?

सरप्राइज डेट नाइट म्हणजे काय?

नवरा-बायकोने ठरवून काढलेला, फक्त दोघांचा वेळ म्हणजे डेट नाइट. त्यात कुठे जायचं, काय करायचं हे एकाने ठरवायचं आणि दुसऱ्याला शेवटपर्यंत कळू द्यायचं नाही, हे झालं सरप्राइज. त्यासाठी महागडं हॉटेल लागत नाही आणि रात्रच हवी असंही नाही. रविवारची सकाळही चालते.

याने खरंच फरक पडतो का?

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ आर्थर अ‍ॅरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2000 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास याबाबत नेहमी सांगितला जातो. त्यात काही जोडप्यांचे हात-पाय एकमेकांना बांधून त्यांना गुडघ्यांवर रांगत, हात न लावता एक उशी पलीकडे न्यायला सांगितलं. खेळ जेमतेम 7 मिनिटांचा होता. दुसऱ्या जोडप्यांना साधं, कंटाळवाणं काम दिलं. नंतर विचारल्यावर, नवा खेळ खेळलेल्या जोडप्यांना आपलं नातं जास्त चांगलं वाटत होतं. म्हणजे खर्चापेक्षा नवेपणा आणि तो दोघांनी मिळून अनुभवणं महत्त्वाचं.

किती वेळा जायचं? ब्रिटनमधल्या ‘मॅरेज फाउंडेशन’ने 2016 मध्ये सुमारे 10,000 जोडप्यांच्या माहितीचा अभ्यास मांडला. महिन्यातून एकदा दोघंच बाहेर जाणाऱ्या विवाहित जोडप्यांत वेगळं होण्याची शक्यता, त्याहून कमी वेळा जाणाऱ्यांपेक्षा 14 टक्के कमी दिसली. दर आठवड्याला जाणाऱ्यांत मात्र तसा फायदा दिसला नाही. डेटमुळेच नातं टिकलं, असं यावरून ठामपणे म्हणता येत नाही. मुळात ज्यांचं पटतं तेच बाहेर जात असतील. पण महिन्याला एक संध्याकाळ पुरते, एवढा दिलासा यातून मिळतो.

मग फसतं कुठे?

घरकामाच्या हिशेबात. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार, बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं वेळ जातो. असं काम करणाऱ्या पुरुषांचा वेळ 88 मिनिटं. अचानक ठरलेल्या डेटमुळे ही कामं कमी होत नाहीत, ती घरी परतल्यावर रात्री अकराला वाट पाहत असतात. मग जेवतानाही तिचं अर्धं लक्ष ओट्याकडे राहतं.

खान्देशाला हे नवं नाही. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, कडुलिंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. त्या दिवसांची वर्षभर वाट पाहिली जाते, कारण झोक्याइतकीच कामातून मिळणारी सुट्टीही गोड असते. चांगल्या सरप्राइजमध्ये ही सुट्टी आधी यायला हवी.

काय सांगायचं, काय लपवायचं?

वेळ सांगा, ठिकाण लपवा. “शनिवारी सहा ते नऊ मोकळी राहा” एवढं दोन दिवस आधी कळलं की तयारीही होते आणि उत्सुकताही राहते. बाकीची कामं सरप्राइज देणाऱ्याची:

- आई-वडिलांना आधी सांगून मुलांना कोण सांभाळणार ते ठरवणं. एकत्र कुटुंबात चोरून निघण्यापेक्षा सांगून निघणं सोपं पडतं.
- घरच्यांच्या जेवणाची सोय स्वतः करणं.
- चालायचं आहे की गाडीवर जायचं आहे, हे सांगणं. साडी की सलवार, चप्पल की बूट, हे त्यावर ठरतं.
- फोटो टाकण्याआधी विचारणं.

जळगाव-धुळ्यात कुठे?

जळगावकरांना मेहरूण तलावाची फेरी रोजची असेल, तर जैन हिल्सवरचं गांधी तीर्थ निवांत पाहता येईल. दिवसभराचा वेळ असेल तर अजिंठा लेणी साधारण 60 किलोमीटरवर आहेत. सोमवारी ती बंद असतात. एरंडोलजवळचं पद्मालय, चाळीसगावजवळचं पाटणादेवी आणि सातपुड्यातलं पाल हेही पर्याय आहेत.

धुळेकरांसाठी मुंबई-आग्रा महामार्गालगतचा लळिंग किल्ला शहरापासून साधारण 10 किलोमीटरवर आहे. चढायची सवय नसेल तर नकाणे तलाव आहे. इतिहासाची आवड असलेल्या जोडीदाराला राजवाडे संशोधन मंडळ दाखवता येईल.

जेवणातही नेहमीपेक्षा वेगळं करता येतं. हिवाळ्यात मित्राच्या शेतावर कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून दोघांनी मिळून भरीत करणं, सोबत कळण्याची पुरी, ही अस्सल खान्देशी डेट. अट एकच, भांडी तिच्या वाट्याला येऊ नयेत.

मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. तेव्हा पहाटे किंवा दिवस मावळल्यावरच निघावं. कापूस वेचणीच्या किंवा केळी कापणीच्या धांदलीत शेतकरी घरांनी, आणि भुसावळच्या रेल्वे कर्मचाऱ्यांनी ड्युटी पाहून, महिन्याची तारीख पुढे-मागे करायला हरकत नाही.

सरप्राइज नेहमी नवऱ्यानेच द्यायचं का?

नाही. एक महिना त्याने, एक महिना तिने ठरवलं तर दोघांनाही वाट पाहण्याची मजा मिळते. काहींना मात्र अचानक काहीच आवडत नाही. अशा जोडीदाराला दोन पर्याय देऊन एक निवडायला सांगावं.

कधी सरप्राइज नको?

मोठं भांडण मिटलेलं नसताना डेट म्हणजे विषय टाळणं ठरतं. आधी बोलणं हवं. आणि घरात मारहाण, धमक्या किंवा भीती असेल, तर तो रोमान्स कमी झाल्याचा प्रश्न नाही. अशा वेळी स्त्रियांना 181 या महिला हेल्पलाइनवर मदत मागता येते.

बाकीच्या घरांत सुरुवात छोटी असू शकते. येत्या शनिवारी कणीक कोण मळणार, हे आधी ठरवा. कुठे जायचं ते मग गुपित ठेवा.