पायी चालण्याजोगी वस्ती: पण कोणी आणि कोणासाठी चालायचे?

शहर-नियोजनाच्या चर्चेत सध्या एक कल्पना जोरात आहे. घर, शाळा, दवाखाना, बाजार, बाग आणि कामाचे ठिकाण हे सगळे पायी जाता येईल एवढ्या अंतरावर असावे. तळमजल्यावर दुकाने आणि वर घरे असावीत. रस्ता गाड्यांचा नव्हे, माणसांचा असावा. अमेरिकेत जेन जेकब्स यांनी 1961 मध्येच अशा मिश्र वस्तीची बाजू मांडली होती. पॅरिसमध्ये कार्लोस मोरेनो यांनी 2016 मध्ये तिला ‘पंधरा मिनिटांचे शहर’ असे नाव दिले. आता आपल्याकडच्या बिल्डरांच्या जाहिरातीतही तीच भाषा आली आहे.

आम्ही या कल्पनेच्या विरोधात नाही. पहाटे दोन लोकल बदलून धुणीभांडी करायला जाणाऱ्या आपल्या आयाबहिणींना घराजवळ काम आणि घराजवळ शाळा मिळाली तर ती आम्हाला हवीच आहे. पण नियोजनकार अंतर मोजतो आणि थांबतो. घरापासून बाजार किती मीटर, हे तो नकाशावर दाखवतो. त्या बाजारात गाळा कोणाला मिळणार, त्या घरात कोणाला शिरू देणार आणि त्या रस्त्याने कोण कोणासाठी चालणार, हे नकाशावर नसते. हा प्रश्न आम्ही हवेतून काढलेला नाही. तो मुंबईच्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासात जागोजागी लिहिलेला आहे.

आधी गावाकडे पाहू. घर, शेत, पाणवठा, बाजार, कारागिराचे दुकान असे सगळे पायी चालण्याच्या टप्प्यात असलेली मिश्र वस्ती म्हणजे आपले जुने गावच. त्या गावात महारवाडा वेशीबाहेर होता आणि महाराच्या वाट्याला आलेले वतनाचे काम मुख्यतः चालण्याचेच होते. सरकारी टपाल पोचवणे, सारा भरायला लोकांना बोलावणे, मयताची वर्दी परगावी देणे, वेशीची राखण करणे. सगळ्या गावात सर्वात जास्त चालणारा माणूस पाणवठ्यावर मात्र जाऊ शकत नव्हता. म्हणूनच बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक मांडले आणि 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत गावाला राज्यघटनेचा पाया करण्याची मागणी धुडकावून व्यक्तीला एकक मानल्याचे समाधान व्यक्त केले. जवळीक म्हणजे समता नव्हे, हे त्यांनी सोसून जाणले होते.

शहराने ही चौकट मोडली का? काही प्रमाणात मोडली, हे मान्य केलेच पाहिजे. पण शहर आखताना ती पुन्हा कशी उभी राहिली, तेही पाहिले पाहिजे.

1896 मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेगची साथ सुरू झाली. त्यानंतर 1898 मध्ये ब्रिटिश सरकारने बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. ट्रस्टने दाट वस्त्या पाडल्या आणि प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते काढले. हवा खेळती झाली खरी, पण ज्यांची बिऱ्हाडे पाडली गेली त्यातल्या अनेक गरिबांना पर्यायी जागा परवडणारी नव्हती. ते दुसऱ्या दाट वस्तीत जाऊन कोंबले गेले.

त्याच ट्रस्टने शहराच्या उत्तरेला दादर-माटुंगा योजना आखली. आजही नियोजनाचे विद्यार्थी तिचे कौतुक करतात आणि ते खोटे नाही. झाडांचे रस्ते, पदपथ, बेताच्या उंचीच्या इमारती, मध्ये पाच बागा, जवळ बाजार आणि रेल्वे स्थानक. पुढे व्हीजेटीआय, रुईया, खालसा अशी महाविद्यालये. आज ज्याला ‘वॉकेबल’ म्हणतात ते हेच. पण या नकाशातल्या नावांकडे बघा: पारशी कॉलनी, हिंदू कॉलनी. माटुंग्यात दक्षिणेकडून आलेल्या, मुख्यतः ब्राह्मण नोकरदारांची वस्ती झाली. मुंबईतील पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था 1915 मध्ये गावदेवीत निघाली, तीही सारस्वतांची. सहकार हा किती सुंदर शब्द! पण घरांच्या बाबतीत आपल्याकडे तो जातीच्या आधारावर उभा राहिला. ज्या समाजाकडे भांडवल नाही, सरकारी पगार नाही, त्याने सहकारी संस्था काढायची कशाच्या बळावर?

जुन्या मुंबईत आणखी एक रस्ता होता, तो कोणत्याही सुंदर नकाशात ठळक नसतो. दोन इमारतींच्या मागच्या बाजूंमधली अरुंद, अंधारी वाट, म्हणजे हाउस गल्ली. घरमालक पुढच्या रस्त्याने ये-जा करी. मैला उचलणारा सफाई कामगार या गल्लीतून येई. पुढे वरच्या मजल्यांवर संडास आले, तेव्हा अनेक इमारतींना मागून लोखंडी गोल जिना बसवला गेला, म्हणजे सफाई करणाऱ्याची पावले घरात पडायला नकोत. एकाच इमारतीला दोन वाटा आणि दोन जिने. मनूचा कायदा विटा-सिमेंटमध्ये बांधायला याहून वेगळे काय लागते? ही वस्तीही चालण्याजोगीच होती. फक्त कोणी कुठून चालायचे ते ठरलेले होते.

आता परळकडे येऊ. ट्रस्टच्या पोयबावडीच्या बीआयटी चाळीत बाबासाहेब वीसहून अधिक वर्षे राहिले. दोन छोट्या खोल्या, बाहेर सामाईक नळ आणि संडास. तिथून चालत जाता येईल अशा दामोदर हॉलमध्ये 20 जुलै 1924 रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना झाली. चाळ, गिरणी, बाजार, सभागृह, रात्रशाळा जवळजवळ असल्यामुळे कामगार सुटीनंतर सभेला येऊ शकत होता. आंबेडकरी चळवळ ज्या जमिनीवर उभी राहिली ती अशी दाट, पायी चालण्याची गिरणगावची जमीन होती, हे आपण विसरता कामा नये. दाट मिश्र वस्ती आपल्याला संघटना देते. तिची ही ताकद खरी आहे.

पण त्याच गिरणगावात गिरणीच्या आत साचेखात्याचे दार अस्पृश्य कामगाराला बंद होते. धोट्यातला तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो, म्हणून बाट होतो, हे कारण. साचेखात्यात पगार जास्त, म्हणून तेथे प्रवेश नाही, हा परिणाम. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. घरापासून गिरणी दहा मिनिटांवर असून काय उपयोग, जर गिरणीच्या आत पन्नास पावलांवरचे खाते बंद असेल?

आणि अंतर कमी असले तरी घर मिळतेच असेही नाही. 1917 मध्ये परदेशी शिक्षण घेतलेले बाबासाहेब बडोद्यात संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले. नोकरी होती, पगार होता, खोली नव्हती. पारशी विश्रामगृहातून काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले आणि अखेर बडोदे सोडावे लागले. कामाच्या जवळ राहण्याचा हक्क हा आधी राहण्याचा हक्क आहे.

1920 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे चाळी बांधल्या. एकूण 207 इमारती, प्रत्येकीत 80 खोल्या, प्रत्येक खोली सुमारे 160 चौरस फुटांची. त्यातही चाळी जातीवरून ओळखल्या जात: ही बौद्धांची, ती मराठ्यांची. मधले अंतर एका मैदानाचे. जानेवारी 1974 मध्ये वरळीत दंगल पेटली तेव्हा हेच काही फुटांचे अंतर सीमा बनले. 10 जानेवारीला परळ भागात दलित पँथरच्या मोर्चावर वरून दगड फेकले गेले आणि भागवत जाधव शहीद झाले. ते रस्त्याने चालत होते, एवढेच.

1982 च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीची ढोबळमानाने तीन भागांत वाटणी सुचवली होती: एक भाग मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक सार्वजनिक घरबांधणीसाठी म्हाडाला, एक मालकाला. 2001 मध्ये नियम बदलून ही वाटणी बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीपुरती केली गेली आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. जिथे गिरणीचा भोंगा होता तिथे मॉल आणि टॉवर आले. आता त्याच टॉवरची जाहिरात म्हणते, ‘ऑफिसला चालत जा’. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तिथे चालत जाऊन काम केले त्यांची मुले मात्र कल्याण, नालासोपाऱ्याहून लोकलला लटकून येतात.

संविधानाच्या कलम 15(2) ने दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, रस्ते सर्वांना खुले केले. महाडच्या तळ्यावर आपण जे मागितले ते तिथे लिहिले गेले. पण घर त्या यादीत नाही. 2005 मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सदस्यत्व एकाच समाजापुरते ठेवण्याचा नियम वैध मानला. रस्ता खुला झाला, जिना खुला झाला नाही. वस्त्यांमध्ये काम करताना आम्ही हे रोज पाहतो. एजंट आधी आडनाव विचारतो, मग ‘व्हेज का?’ विचारतो, मग खोली ‘कालच गेली’ असे सांगतो.

उलट बाजूही लक्षात घ्या. सफाई कामगारांना नोकरीसोबत क्वार्टर मिळते. घर आणि काम जवळ, नियोजनकाराच्या दृष्टीने आदर्श! पण नोकरी संपली की घर जाते. म्हणून घर टिकवायला मुलगा वारसा हक्काने तोच झाडू हातात घेतो. कामाशी बांधलेले घर म्हणजे नव्या रूपातले वतनच.

म्हणून नव्या वस्त्यांचे आराखडे येतील, बीडीडी चाळींच्या जागी टॉवर उभे राहतील, तेव्हा हरकती-सूचनांच्या मुदतीत आपण रुंद पदपथाबरोबर आणखी चार गोष्टी मागितल्या पाहिजेत. घरांचे वाटप सोडतीने आणि आरक्षणासह व्हावे, म्हणजे शेजार जात ठरवणार नाही. बाजारातल्या गाळ्यांत आणि फेरीवाल्यांच्या जागांतही अनुसूचित जातींचा वाटा असावा. सफाई कामगाराचे घर त्याच्या मालकीचे असावे. आणि बुद्धविहार, वाचनालय, सभागृह यांना आराखड्यातच जागा असावी, कारण चळवळीला बसायला जागा लागते.

त्यासाठी आपल्या तरुणांनी विकास आराखडा वाचायला शिकले पाहिजे. मोर्चा काढणे आपल्याला येते. आता वॉर्ड ऑफिसात जाऊन नकाशा मागणे, त्यावर बोट ठेवून प्रश्न विचारणे आणि लेखी हरकत नोंदवणे हेही आंदोलनच आहे. बाबासाहेबांनी आपल्याला गाव सोडून शहरात जायला सांगितले ते शहराच्या मागच्या गल्लीतून चालण्यासाठी नव्हे.

जय भीम!